ऑफिसच्या वायफायवर चॅट ॲप बंद करणं: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

भंवरकुआच्या अभ्यासिका, सियागंजमधली होलसेलची दुकानं, पालद्यातले छोटे कारखाने. इंदूरमध्ये कुठेही जा, तक्रारी दोनच. एक, "रूल टाकलाय, तरी पोरांचं व्हॉट्सॲप चालूच आहे." दुसरी, "व्हॉट्सॲप बंद केलं आणि बिलिंगपण बसलं." दोन्ही ठिकाणी राउटर चांगला असतो, रूलही (राउटरला दिलेला 'हे जाऊ दे, ते अडव' असा नियम) बरेचदा बरोबर असतो. चुकलेला असतो तो क्रम. आधी करायचं ते नंतर होतं, आणि काही गोष्टी होतच नाहीत.

हा लेख वीस-पंचवीस ते शंभरेक उपकरणांच्या नेटवर्कसाठी आहे. उदाहरणं मायक्रोटिक राउटरची, त्यातल्या रूटरओएस ७ या सॉफ्टवेअरची घेतली आहेत, कारण आपल्याकडे छोट्या ऑफिसात मला तोच जास्त भेटतो. पीएफसेन्स किंवा दुसरा फायरवॉल (नेटची ये-जा तपासून अडवणारी यंत्रणा) असेल तरी क्रम हाच, मेनू वेगळे. केबलवाल्याने दिलेल्या घरगुती राउटरवर मात्र यातलं फारसं जमणार नाही. त्यातला 'यूआरएल फिल्टर' एचटीटीपीच्या जमान्यातला आहे, आजच्या चॅट ॲपना तो दिसतही नाही. वेबसाइटची नावं इथे देवनागरीत आहेत, राउटरमध्ये अर्थातच इंग्रजीत भरायची.

१. आधी कागद, मग राउटर

तीन प्रश्नांची उत्तरं मालकाकडून लिहून घ्या: कोणाचं बंद करायचं, कोणतं ॲप बंद करायचं, कोणत्या वेळेत. "सगळ्यांचं सगळं बंद करा" हे उत्तर स्वीकारू नका. तासाभरात त्याच मालकाचा फोन येतो की दिल्लीच्या पार्टीने रेट व्हॉट्सॲपवर पाठवलाय आणि तो उघडत नाही.

मग व्यवसायाचं काय काय चॅटवर अवलंबून आहे ते शोधा. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडं असतं. ट्रान्सपोर्टवाला बिल्टीचा फोटो तिथेच टाकतो. बिलिंग सॉफ्टवेअर ग्राहकाला आपोआप बिल पाठवत असेल तर ते बहुधा व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयवरून (सॉफ्टवेअरने थेट निरोप पाठवायची सोय) जातं, आणि तो एपीआय ग्राफ डॉट फेसबुक डॉट कॉमवर चालतो. म्हणजे व्हॉट्सॲपची नावं बंद केली तर बिलं जात राहतील, पण कोणी उत्साहाने "फेसबुकही बंद कर" म्हटलं की बिलं थांबतील. हे सॉफ्टवेअरवाल्याला आधीच विचारून घ्या.

मालकाला एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: आपण वायफाय बंद करतोय, मोबाइल डेटा नाही. वायफायवर व्हॉट्सॲप चाललं नाही की माणूस फोर-जी चालू करतो. रेंज न येणाऱ्या तळघरातल्या अभ्यासिकेत ब्लॉकचा परिणाम खरोखर दिसतो. रस्त्यालगतच्या दुकानात तो मुख्यतः ऑफिसच्या कॉम्प्युटरपुरता राहतो. "मग जॅमर लावून टाका" असं कोणी सुचवेलच. खासगी जागेत सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे; दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलेलं आहे.

कर्मचाऱ्यांना किंवा विद्यार्थ्यांना आधी कळवा. नोटीस बोर्डावर दोन ओळी पुरतात: कोणत्या वायफायवर, काय, कधीपासून बंद. न सांगता बंद केलं की लोक त्याला 'नेट खराब आहे' समजतात आणि दिवसभर तुमचा फोन वाजत राहतो.

२. परतीची वाट ठेवा

राउटरचा पूर्ण बॅकअप घ्या, शिवाय कॉन्फिगरेशनचा टेक्स्ट एक्सपोर्टही घ्या. बॅकअपची फाइल त्याच राउटरवर परत चढवायला बरी. नेमकं काय बदललं हे वाचायला टेक्स्टच लागतो. दोन्ही फाइली राउटरमध्ये न ठेवता आपल्या लॅपटॉपवर उतरवा.

मायक्रोटिकवर काम सुरू करण्यापूर्वी सेफ मोड चालू करा. चुकून स्वतःलाच बाहेर काढणारा रूल टाकला आणि कनेक्शन तुटलं, तर तेवढे बदल आपोआप मागे फिरतात. काम झाल्यावर सेफ मोडमधून नीट बाहेर पडायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप मिटताच केलेलं सगळं गेलं.

सावध: काम केबल लावून करा. ज्या वायफायवर रूल लावायचाय त्याच वायफायवर बसून रूल टाकू नका.

३. गट वेगळे करा

खरं काम ही पायरी करते, आणि नेमकी हीच लोक टाळतात. एकाच नेटवर्कवर सगळे बसलेले असताना "या दहा जणांचं बंद, त्या तिघांचं चालू" हे मॅक ॲड्रेसच्या (उपकरणाच्या ओळख-क्रमांकाच्या) यादीने करायला जातात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक ॲड्रेस वापरतात. नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं किंवा सेटिंग बदलली की तो बदलू शकतो, आणि तुमची यादी तिथेच शिळी होते.

त्यापेक्षा दोन व्हीलॅन (एकाच राउटरवरची दोन वेगळी नेटवर्कं) करा, दोन वेगळ्या आयपी पट्ट्या, म्हणजे पत्त्यांचे गट, द्या. समजा, स्टाफसाठी १९२.१६८.२०.०/२४ आणि काउंटर-हिशेब विभागासाठी १९२.१६८.३०.०/२४. स्टाफच्या वायफायचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. यापुढचे सगळे रूल फक्त २० च्या पट्टीवर. ३० च्या पट्टीला हात लावायचा नाही.

काउंटरचे कॉम्प्युटर शक्यतो केबलवर ठेवा. काउंटरसाठी वेगळं वायफाय केलं तर त्याचा पासवर्ड फार दिवस गुप्त राहत नाही. फोनवर क्यूआर कोड दाखवला की दुसऱ्याचा फोन जोडला जातो.

आता नेहमी राहून जाणारी गोष्ट. फायबरवाल्याने बसवलेल्या ओएनटी डब्याचं (फायबरची लाइन ज्यात येते तो) स्वतःचं वायफाय असतं, आणि त्याचा पासवर्ड डब्याच्या पाठीवरच छापलेला असतो. तुम्ही मायक्रोटिकवर कितीही सुंदर रूल लिहा, पोरं त्या डब्यावर जोडलेली असतील तर त्यांचा ट्रॅफिक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. ओएनटीचं वायफाय बंद करा, जमलं तर डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो लाइन फक्त तुमच्या राउटरकडे पुढे देईल.

तपासा: फोन स्टाफच्या वायफायला जोडा. आयपी २० च्या पट्टीतला आला का? आसपास अनोळखी नावाचं, पण सिग्नल जोरात असलेलं वायफाय दिसतंय का? ते बहुधा तुमच्याच छताखालचं असतं.

४. डीएनएस आपल्या हातात घ्या

ॲप कुठे जाऊ पाहतंय हे राउटरला कळायचं तर नावांची चौकशी (नावावरून आयपी पत्ता विचारणं, हेच डीएनएस) राउटरमार्गे व्हायला हवी. स्टाफच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना आपोआप पत्ता देणारी सेटिंग) डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता द्या. नंतर एनएटीमध्ये (ट्रॅफिकचा पत्ता बदलून तो वळवणारा मेनू) रूल टाका: स्टाफच्या पट्टीतून पोर्ट ५३ वर (पोर्ट म्हणजे सेवेच्या दाराचा क्रमांक, ५३ डीएनएसचा), टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही, कुठेही जाणारी विचारणा राउटरकडे वळवा. कोणी हाताने ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) भरलं असेल तरी उत्तर राउटरच देईल.

सावध: यासाठी मायक्रोटिकमध्ये 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' चालू करावं लागतं. ते चालू केलं आणि इंटरनेटच्या बाजूने येणारा पोर्ट ५३ बंद केला नाही, तर तुमचा राउटर जगभराचा फुकट डीएनएस होतो आणि दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो. इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या ट्रॅफिकच्या रूल-यादीत) तो आधी बंद करा.

आता कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, ते टीसीपी पोर्ट ८५३ वर चालतं. स्टाफच्या पट्टीतून ८५३ नाकारा. ज्यांच्या फोनवर ही सेटिंग 'ऑटोमॅटिक' आहे त्यांचा फोन गपचूप साध्या डीएनएसवर येतो. ज्यांनी विशिष्ट सर्व्हरचं नाव भरून ठेवलंय त्यांचं मात्र सगळंच नेट बंद पडेल, आणि ते तक्रार घेऊन येतील. उपाय राउटरवर नाही, त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे.

ब्राउझरमधलं डीएनएस पोर्ट ४४३ वरून जातं, इतर वेबसारखंच दिसतं. तिथे तीन गोष्टी करा. पहिली, यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट या नावाला राउटरने 'असं नाव नाही' म्हणजे एनएक्सडोमेन उत्तर द्यायचं. फायरफॉक्स हे पाहून स्वतःहून चालू केलेलं डीएनएस मागे घेतो. दुसरी, मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम या दोघांनाही तेच उत्तर, म्हणजे आयफोनचा प्रायव्हेट रिले (ब्राउझिंग लपवणारी सेवा) या वायफायवर चालणार नाही. तिसरी, ८.८.८.८, ८.८.४.४, १.१.१.१, १.०.०.१, ९.९.९.९ या सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्यांवर स्टाफच्या पट्टीतून ४४३ नाकारा. राउटर स्वतः ८.८.८.८ ला विचारत असला तरी अडचण नाही, कारण हा रूल फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून पुढे जाणाऱ्या ट्रॅफिकच्या यादीत) आहे आणि राउटरची स्वतःची विचारणा त्यातून जात नाही.

५. आडवाटा बुजवा

आयपीव्ही६. ही इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, नेहमीची ती आयपीव्ही४. मायक्रोटिकमध्ये आयपीव्ही६ चा फायरवॉल हा पूर्ण वेगळा मेनू आहे. आयपीव्ही४ मध्ये टाकलेला एकही रूल तिकडे लागू होत नाही. तुमच्या लाइनवर आयपीव्ही६ येत असेल आणि फोनला तो पत्ता मिळत असेल, तर व्हॉट्सॲप निवांत तिकडून जातं. छोट्या ऑफिसात माझा सल्ला सरळ आहे: स्टाफच्या व्हीलॅनवर आयपीव्ही६ देऊच नका. देणं भाग असेल तर प्रत्येक रूल दोन्हीकडे लिहा, आणि पुढे प्रत्येक बदलही दोन्हीकडे करा. तेवढी शिस्त पाळली जात नाही, हा अनुभव आहे.

क्विक. या नव्या प्रोटोकॉलने ब्राउझर आणि बरीच ॲप यूडीपी पोर्ट ४४३ वरून जातात. हे स्टाफच्या पट्टीतून नाकारलं की ती टीसीपीवर परत येतात. इथे 'ड्रॉप'पेक्षा (गुपचूप टाकून देणं) 'रिजेक्ट' (नाही म्हणून कळवणं) बरा. ड्रॉप केलं तर ॲप उत्तराची वाट बघत बसतं आणि लोकांना नेट मंद वाटतं.

व्हीपीएन, म्हणजे ट्रॅफिक लपवून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०, ओपनव्हीपीएनचा ११९४. हे बंद करा. मात्र यूडीपी ५०० आणि ४५०० ला हात लावण्यापूर्वी थांबा. आयपीसेक व्हीपीएन त्यावर चालतं हे खरं, पण मोबाइल कंपन्यांचं वायफाय कॉलिंगही (रेंज नसताना वायफायवरून लागणारा साधा फोन) त्याच पोर्टांवर चालतं. तळघरातल्या अभ्यासिकेत मुलांना घरून येणारा फोन लागतो तो वायफाय कॉलिंगमुळे. ते पोर्ट बंद केले की रात्री कुणाच्या तरी वडिलांचा फोन लागत नाही आणि सकाळी ते दारात उभे. ४४३ वरून जाणारी व्हीपीएन ॲप पूर्ण बंद होत नाहीत. ती रोज नवी येतात, तुम्ही यादीच्या मागे धावत राहता. मालकाला हे आत्ताच सांगून ठेवा.

६. आता ॲप बंद करा

इतकं झाल्यावर मुख्य रूल. इंटरनेटवर सापडणाऱ्या पोर्टांच्या याद्यांपासून दूर राहा. त्यात अजूनही १८६३, ५०५०, ५१९० असे पोर्ट असतात. ते एमएसएन, याहू मेसेंजर आणि एआयएमचे. याहू २०१८ मध्येच बंद झालं, एआयएम त्याच्याही आधी. मेलेल्या ॲपचे पोर्ट बंद करून काय मिळणार!

व्हॉट्सॲप. याला पोर्टने धरता येत नाही. ५२२२ बंद केला की ते ४४३ वर येतं. मेटाच्या आयपी पट्ट्या बंद करायला गेलात तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम सोबत जातात. शिवाय मेटाचे कॅशे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या पत्त्यांवरही असतात, ते तुमच्या यादीत नसतातच. म्हणून नावावरून धरायचं.

रूटरओएस ७ मध्ये स्टॅटिक डीएनएसमध्ये नोंद करा: नाव व्हॉट्सॲप डॉट नेट, प्रकार एफडब्ल्यूडी (विचारणा पुढे पाठव), 'मॅच सबडोमेन' चालू, फॉरवर्ड म्हणून राउटर ज्याला विचारतो तो डीएनएस सर्व्हर, आणि 'ॲड्रेस लिस्ट'च्या रकान्यात एक नाव, उदाहरणार्थ 'चॅट-बंद'. दुसरी नोंद व्हॉट्सॲप डॉट कॉमसाठी, तिसरी डब्ल्यूए डॉट एमईसाठी. आता कोणीही यातलं नाव विचारलं की त्याला खरा पत्ता मिळतो, पण तो पत्ता 'चॅट-बंद' यादीतही जाऊन पडतो. मग फॉरवर्ड चेनमध्ये एकच रूल: स्टाफच्या पट्टीतून 'चॅट-बंद' यादीकडे जाणारं सगळं रिजेक्ट. टीसीपीसाठी 'टीसीपी रीसेट'चा (कनेक्शन लगेच तोडणारा) रूल वेगळा लिहिलात तर ॲप लवकर गप्प बसतं.

थेट एनएक्सडोमेन देण्यापेक्षा ही पद्धत मी का पसंत करतो? स्टॅटिक डीएनएस सगळ्या राउटरला लागू असतं. तिथे व्हॉट्सॲपचं नावच नाकारलं, की हाच डीएनएस वापरणाऱ्या काउंटरचंही बंद. "बिलिंगपण बसलं"च्या तक्रारीत बऱ्याचदा हेच निघतं. दुसरा सापळा त्याहून चिवट आहे: नाव एनएक्सडोमेन केलं आणि सोबत ॲड्रेस लिस्टमध्येही तेच नाव भरलं, तर यादी रिकामीच राहते, कारण राउटर स्वतःच्याच डीएनएसला विचारतो आणि 'असं नाव नाही' ऐकतो. रूल आहे, यादी आहे, यादीत पत्ता एकही नाही. दुपार जाते हे शोधण्यात.

काही जण टीएलएस-होस्ट रूलवर सगळी भिस्त ठेवतात. तो फक्त टीएलएसच्या (वेबच्या कूटबद्ध कनेक्शनच्या) सुरुवातीला उघड दिसणारं नाव वाचतो. व्हॉट्सॲपच्या फोनवरच्या ॲपचं चॅट-कनेक्शन टीएलएस नसून नॉइज नावाच्या प्रोटोकॉलवर आहे, त्यात असं नाव नसतंच. परिणाम मजेशीर होतो: फोटो आणि व्हिडिओ अडकतात, मजकूर मात्र सुसाट जातो. व्हॉट्सॲप वेबलाही हा रूल कधी पकडतो, कधी नाही, कारण २०२४ पासून क्रोमचा पहिला निरोप इतका मोठा झालाय की तो दोन पॅकेटांत विभागला जातो आणि विभागलेलं नाव या रूलला वाचता येत नाही. जोडीला ठेवा, एकट्यावर सोडू नका.

व्हॉट्सॲप कॉलसाठी यूडीपी ३४७८ बंद करा असं सर्रास सांगितलं जातं. झूम आणि टीम्सही तोच पोर्ट वापरतात. ऑनलाइन क्लास चालवणाऱ्या संस्थेत हे करू नका.

टेलिग्राम. हे उलट्या स्वभावाचं. नाव विचारण्यावर ते अवलंबून नसतं, सर्व्हरचे पत्ते ॲपमध्येच असतात. म्हणून इथे आयपी पट्ट्या लागतात, मुख्य या: ९१.१०८.४.०/२२, ९१.१०८.८.०/२२, ९१.१०८.१२.०/२२, ९१.१०८.१६.०/२२, ९१.१०८.५६.०/२२ आणि १४९.१५४.१६०.०/२०. टेलिग्राम आपल्या पट्ट्यांची यादी स्वतःच प्रसिद्ध करतं, ती अधूनमधून ताडून बघा. टेलिग्राम डॉट ओआरजी आणि टी डॉट एमई ही नावंही 'चॅट-बंद'मध्ये घाला. ॲपमध्ये प्रॉक्सीची (मधल्या सर्व्हरमार्गे जायची) सोय अंगभूत आहे, त्यामुळे ठरवलेला माणूस पार होतोच. रशियाने २०१८ मध्ये याच नादात ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो पत्ते बंद केले, भलत्याच सेवा कोलमडल्या, टेलिग्राम चालत राहिलं आणि २०२० मध्ये बंदी उठवावी लागली. भंवरकुआतल्या राउटरने त्याहून जास्त पराक्रम करावा अशी अपेक्षा ठेवू नका. आणि कोचिंगच्या नोट्स टेलिग्रामवरच येत असतील तर हे बंद करावं का, ते पायरी १ च्या कागदावर परत जाऊन विचारा.

सिग्नलसाठी सिग्नल डॉट ओआरजी आणि व्हिस्परसिस्टम्स डॉट ओआरजी ही नावं पुरतात. यालाही प्रॉक्सीची सोय आहे.

इन्स्टाग्राममधले मेसेज वेगळे काढून बंद करता येत नाहीत. बंद करायचं तर पूर्ण इन्स्टाग्राम. मेसेंजरचंही जवळपास तसंच. टीम्स, स्लॅक, गूगल चॅट ऑफिसच्या खात्यावर असतील तर राउटरला हात न लावता त्यांच्या ॲडमिन पॅनलमधून बंद करा.

सावध: टीसीपी ५२२३ आणि ५२२८ ते ५२३० हे चॅटचे पोर्ट म्हणून बऱ्याच याद्यांत असतात. ५२२३ वर ॲपलची आणि बाकीच्यांवर गूगलची पुश सूचना-सेवा चालते. ते बंद केले तर बँकेपासून सगळ्या ॲपच्या सूचना उशिरा येतात किंवा येत नाहीत. त्यांना हात लावू नका. आयमेसेजही ॲपलच्या याच सेवेवर चालतं, म्हणून ते वेगळं काढण्याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही.

७. रूल वर-खाली

फायरवॉल वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा रूल लागू करतो. मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये फास्टट्रॅक (चालू कनेक्शनला पुढची तपासणी टाळून वेगाने सोडणारा) आणि 'एस्टॅब्लिश्ड-रिलेटेड ॲक्सेप्ट' (आधी जुळलेल्या कनेक्शनला मंजुरी देणारा) असे दोन रूल असतात. नवा रूल टाकला की तो यादीच्या तळाशी जातो, म्हणजे त्या दोघांच्या खाली. चालू कनेक्शनचं पॅकेट वरच मंजूर होऊन जातं, तुमच्या रूलपर्यंत येतच नाही. टीएलएस-होस्टच्या बाबतीत तर हे हमखास, कारण ज्या पॅकेटात नाव असतं ते कनेक्शन जुळल्यानंतरचं असतं.

म्हणून फॉरवर्ड चेनमध्ये वरून हा क्रम ठेवा:

अ. स्टाफकडून 'चॅट-बंद' आणि टेलिग्रामच्या यादीकडे: रिजेक्ट.
आ. स्टाफकडून ८५३, यूडीपी ४४३, कूटबद्ध डीएनएसचे पत्ते, व्हीपीएन पोर्ट: रिजेक्ट.
इ. टीएलएस-होस्टचे रूल, ठेवले असतील तर.
ई. त्याखाली फास्टट्रॅक, मग एस्टॅब्लिश्ड-रिलेटेड, मग बाकीचे.

तपासा: स्टाफच्या वायफायवर व्हॉट्सॲप उघडल्यावर 'अ'समोरचा पॅकेटचा आकडा वाढतोय का? शून्यावर अडलाय, तर रूल चुकीच्या जागी आहे किंवा यादी रिकामी आहे. आधी यादी उघडून बघा.

८. जुनी कनेक्शन तोडा

आधीच जुळलेलं आणि फास्टट्रॅकवर गेलेलं कनेक्शन नव्या रूलला जुमानत नाही. व्हॉट्सॲप एकच कनेक्शन तासन् तास धरून ठेवतं. म्हणून रूल बरोबर असूनही "चालूच आहे" असं दिसतं, आणि लोक घाबरून चार चुकीचे रूल आणखी टाकतात. इथेच गोंधळ सुरू होतो.

आयपी, फायरवॉल, कनेक्शन्समध्ये जाऊन स्टाफच्या पट्टीची कनेक्शन काढून टाका. राउटरचा डीएनएस कॅशे रिकामा करा. उपकरणांनी जुने पत्ते धरून ठेवलेले असतात, त्यामुळे 'चॅट-बंद' यादी भरायला थोडा वेळ जातो. फोनचं वायफाय बंद-चालू केलं की लवकर होतं. पीएफसेन्सवर हेच काम 'रीसेट स्टेट्स'ने होतं. हे दुकान बंद झाल्यावर करा, कारण चालू डाउनलोड आणि कॉल तुटतात.

९. चाचणी

फोन एअरप्लेन मोडमध्ये टाका, मग फक्त वायफाय चालू करा. हे न करता केलेली चाचणी बाद समजा. फोन स्वतःहून मोबाइल डेटावर सरकतो आणि तुम्ही राउटरला दोष देत बसता.

व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवा. घड्याळाचं चिन्ह राहिलं तर निरोप फोनमधून बाहेरच पडला नाही, ब्लॉक लागलाय. एक टिक आली तर निरोप सर्व्हरपर्यंत गेलाय, समोरच्याला मिळो न मिळो. पुष्कळ जण एक टिक बघून "बंद झालं" म्हणतात; समोरच्याचा फोन बंद असला तरी एकच टिक येते. मग फोटो पाठवा, कॉल लावा, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडा. लॅपटॉपवरचं जोडलेलं व्हॉट्सॲप फोनशिवाय चालतं, म्हणून ते वेगळं तपासायलाच हवं.

टेलिग्राम वरच्या पट्टीत 'कनेक्टिंग' दाखवत अडकलं पाहिजे.

यानंतर उलटी चाचणी, जी सहसा कोणी करत नाही. स्टाफच्या वायफायवर यूपीआय पेमेंट होतंय का, बँकेचं ॲप उघडतंय का, झूम लागतं का, जीएसटीचं पोर्टल येतं का, ऑफिसचं फेसबुक पेज चालतं का? आणि ३० च्या पट्टीवर, म्हणजे काउंटरवर, सगळं जसंच्या तसं आहे का? आधी अँड्रॉइडवर करा, मग आयफोनवर, मग विंडोजवर.

१०. वेळेचं गणित आणि देखभाल

'दहा ते सहा बंद, जेवणाच्या सुट्टीत चालू' असं हवं असेल तर रूलला वेळ लावता येते. दोन अटी. राउटरचं घड्याळ बरोबर हवं: एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू, टाइमझोन एशिया-कोलकाता. वीज गेल्यावर पुष्कळ छोट्या राउटरांचं घड्याळ मागे पडतं, आणि एनटीपी नसेल तर जेवणाची सुट्टी रात्री होते. दुसरी अट, सुट्टी संपताच जुनी कनेक्शन तोडणारी छोटी स्क्रिप्ट शेड्यूलरमध्ये टाका. नाहीतर सुट्टीत जुळलेलं कनेक्शन संध्याकाळपर्यंत चालतं.

लॉग, म्हणजे राउटरच्या नोंदी, त्याच्याच मेमरीत ठेवू नका, रीस्टार्ट झाला की जातात. वेगळ्या सिस्लॉग सर्व्हरवर (नोंदी साठवणाऱ्या कॉम्प्युटरवर) पाठवा. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. या लॉगमध्ये कोणता आयपी कुठे गेला एवढंच दिसतं, कोणी काय लिहिलं ते नाही. कुठल्या मालकाने "मग मेसेजपण दिसतील ना?" विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा.

राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर किंवा इंटरनेट कंपनी बदलल्यावर पायरी ९ पूर्ण पुन्हा करा. नवी कंपनी आली की नवा ओएनटी येतो आणि त्याचं वायफाय चालूच असतं.

आणि कोणी "नेट चालत नाही" म्हणत आलं, तर रूल काढण्याआधी त्याच्या फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस बघा, मग व्हीपीएन ॲप चालू आहे का ते बघा, मग तो कोणत्या वायफायवर आहे ते बघा. रूल बंद करून बघायचाच असेल तर एका वेळी एकच, आणि त्याच्या कॉमेंटमध्ये तारीख लिहून.